कुंपणावरचं टोपरं

२ नोव्हेंबर १९८२
एक्स-रे विभागात छातीवर लावते त्या बॅजचा रिपोर्ट आला. रेडिएशन मर्यादेत. जूनमध्येही मर्यादेतच होतं – मुलगी पोटातच गेली तो महिना. एक्स-रेमुळे नाही, हे मला माहीत आहे. तरी लोक बॅजकडे बघतात.

९ नोव्हेंबर
नणंद, कामिलची बहीण सिसिलिया, आली होती, इथल्याच अदलिया भागातून. तिला सातवा महिना. कामिल म्हणाला, ट्रंकेतले बाळाचे कपडे तिला दे, पडून आहेत नुसते. दिले. आईने विणलेलं लाल टोपरं तेवढं मागे ठेवलं.
"ते लालपण दे की, टेरेसा वहिनी."
ऐकलंच नाही असं दाखवलं. कामिल खाली बघत होता.

१८ नोव्हेंबर
जेवणाच्या सुट्टीत आमच्या हॉस्पिटलातली इंग्रज नर्स, सिस्टर मार्जरी, बोलत बसली. इंग्लंडात तिच्या गावाजवळच्या लष्करी तळावर अमेरिकन अणुक्षेपणास्त्रं यायची आहेत. ती नकोत म्हणून कुंपणाबाहेर बायका वर्षभर तंबू ठोकून बसल्यात. तिच्या घरात हे चालतच आलंय म्हणे. आजी मताच्या हक्कासाठी तुरुंगात गेली. तिथे अन्न सोडलं, तर नाकातून नळी घालून भरवलं! मार्जरी स्वतः शाळेत असताना अणुबॉम्बविरुद्ध चार दिवस चालली. पुढे व्हिएतनामच्या मोर्चात पोलिसाच्या घोड्याचा पाय तिच्या पायावर पडला. ते जुनं फ्रॅक्चर मी फिल्मवर पाहिलंय. खरं आहे.
विचारलं, मग बॉम्ब गेले का?
"नाही. आजीला मत मिळालं, पण."

३० नोव्हेंबर
मार्जरी पुढच्या आठवड्यात सुट्टीवर घरी जाणार. बारा डिसेंबरला त्या बायका हातात हात धरून अख्ख्या तळाला वेढा घालणार. प्रत्येकीने आपली एक वस्तू कुंपणाला अडकवायची – जी गेली तर सोसणार नाही अशी. तुझं काही नेऊ का, म्हणाली. नाही म्हटलं.
घरी सांगितलं. कामिल म्हणाला, आखातात व्हिसावर आलोय आपण, मोर्चेबिर्चे नकोत. मला कुठे हवेत!

६ डिसेंबर
सिसिलियाने टोपऱ्यासाठी पुन्हा निरोप धाडला. तू ठरव, म्हणाला कामिल.

७ डिसेंबर
टोपरं मार्जरीला दिलं. इथे ठेवलं असतं तर एक दिवस दुसऱ्या डोक्यावर दिसलं असतं.
तिने पुठ्ठ्याचा तुकडा पुढे केला – बाळाचं नाव लिही. बाप्तिस्मा झालाच नव्हता. नाव कुठलं? हॉस्पिटलने तिच्या मनगटाला बांधलेल्या पट्टीवर होतं तेच लिहिलं. बेबी ऑफ टेरेसा.

१३ डिसेंबर
रेडिओवर बातमी होती. तीस हजार बायका. कुंपणभर फोटो, झबली, बाळांचे मोजे. विशेष काही वाटलं नाही. भात लावला.

१५ डिसेंबर
कामिल ट्रंकेत टोपरं शोधत होता. सिसिलियाला द्यायचंय का, विचारलं. नाही म्हणाला – अधूनमधून काढून बघतो. मला ठाऊकच नव्हतं.
सगळं सांगितलं. कुंपण, पुठ्ठा, काय लिहिलं ते. वाटलं, आता व्हिसावरून बोलेल.
मग म्हणाला, "लुसी लिहायचंस. मी तिला लुसी म्हणतो."