दारात कुणीच नाही

दादा,

पत्ता नाही तुझा, तरी लिहितेय. बाबांनी तुला हाकलल्यापासून घरात तुझं नाव निघत नाही. कॉलेजसाठी मी टॅबलेटवर आपलं घर काढलं: दारात तू, तुझ्याकडे बघणारे आम्ही तिघं. मॅडम म्हणाल्या, "गर्दी झालीय. एक माणूस कमी कर." तुला पुसलं नाही, नुसता तुझा लेअर, म्हणजे तू काढलेला तो वेगळा थर, लपवला; टिचकी मारली की परत दिसतो. आम्ही तिघं रिकाम्या दाराकडे बघत होतो. मॅडम खूश. "आता गोष्ट झाली!"

काल बाबा माझ्यामागे उभे राहून चित्र बघत होते. मग म्हणाले, "दारात त्याला काढ की. येताना."

एक टिचकी मारली असती, तर तू दिसला असतास.

मी म्हटलं, "बाबा, ते मला अजून जमत नाही."

तुझी, अजूनही चिडकीच,
छोटी