मेघनाचं कुरण

१९ जुलै
निळी फुलपाखरं आली. फ्राउ क्योलर (शेजारीण, कुरणाची स्वयंनियुक्त पोलीस) कुंपणावरून बोट दाखवत होत्या. अकरा मोजली. गेल्या वर्षी मेघनाने नऊ मोजली होती, हॉस्पिटलात जायच्या आदल्या आठवड्यात.
ही गवतात वाढणाऱ्या एकाच झाडाच्या तांबड्या बोंडांत अंडी घालतात, आणि ते झाड आसपासच्या सगळ्यांनी कापून लॉन केलंय. अळ्या आधी बोंडांत वाढतात, मग मुंग्यांच्या वारुळात. म्हणून घरामागच्या आमच्या तुकड्याला सप्टेंबरच्या मध्यापर्यंत विळा लावायचा नाही. मेघनाचा नियम. माझे नियम या घरात कोणी पाळत नाही. तिचे अजून मीसुद्धा पाळतो.

२७ जुलै
अप्पा आले. मेघनाचे वडील. वर्षश्राद्धासाठी. सगळी नोकरी कृषी खात्यात. कुरण पाहून पहिलं वाक्य : "जावईबापू, किती तण माजू दिलंत हो."
मी म्हटलं, मुद्दाम आहे ते. पुढचं सांगणार होतो, अंडी, बोंडं, मुंग्या. पण मी गंभीर बोलायला लागलो की लोक विनोदाची वाट बघतात. अप्पाही थांबले. मग जेवायला बसलो. राहिलंच.

३१ जुलै
अप्पांनी तो विषय काढला. गेल्या वर्षी दहाव्याला पिंडाला कावळा शिवला नव्हता. दोन तास उभे होतो. शेवटी गुरुजींनी व्हिडिओ कॉलवरून दर्भाचा कावळा करायला लावला. तेव्हा मी म्हटलं होतं, जर्मनीत कावळ्याचाही टर्मिन (अपॉइंटमेंट) घ्यावा लागतो. मेघना असती तर हसली असती. अप्पा त्या कॉलवर होते. वर्षभर ते...
"तिची काहीतरी इच्छा राहिली असणार. तुम्हाला बोलली होती का काही?"
नाही म्हटलं. बोलली होती. कुरण सांभाळ, एवढंच. एका बापाला हे पुरलं नसतं, असं मीच ठरवलं.

४ ऑगस्ट
श्राद्ध. सकाळी केळीची पानं आणायला मानहाइमला गेलो. तीन तासांनी परत. अप्पांनी शेडमधला लांब दांड्याचा विळा काढून अख्खं कुरण कापलं होतं. वय चौऱ्याहत्तर. बनियन चिंब.
"एवढ्या उंच गवतात कावळा उतरणार कसा?"
कावळे आधीच उतरले होते. पंधरा-वीस. कापलेल्या गवतातलं टिपत होते. मी पान ठेवलं. एक जण उड्या मारत आला, भात उचलला. मिनिटसुद्धा लागलं नाही.
अप्पा गवतातच बसले. वर्षभरात पहिल्यांदा रडले. "सुटली हो पोर. काही राहिलं नव्हतं तिचं."
दारात ईरा. पंधरा वर्षांची, आईबरोबर मोजणीला जायची. जर्मनमध्ये, हळू म्हणाली, सांग त्यांना.
मी म्हटलं, पानं वाढतो.

५ ऑगस्ट
फ्राउ क्योलर बराच वेळ कुंपणाशी उभ्या होत्या. कोणी केलं? मी म्हटलं, मी. त्या वळून आत गेल्या.
दुपारी बोंडं गोळा केली. दोन बादल्या. आत अळ्या असणार, सुकत चाललेल्या. काय करणार त्यांचं? तरी पाणी शिंपडलं.

९ ऑगस्ट
ईरा अप्पांशी बोलत नाही. म्हणजे, बोलते, पण फक्त जर्मन. त्यांना वाटतं, पोरीला आईची आठवण येते. तेही खोटं नाही. तिला म्हटलं, म्हातारा माणूस, वर्षाने झोपला शांत. "उंड मामा?" ती म्हणाली. आणि आई?
मी बादल्यांवर पाणी शिंपडायला गेलो.

१४ ऑगस्ट
फ्रँकफर्टला सोडलं. अप्पा आले त्यापेक्षा तरुण दिसत होते. "पुढच्या वर्षी कापायला मीच येतो. तुम्हाला जमायचं नाही ते."
या, म्हटलं.

२२ सप्टेंबर
मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाच्या संपादकबाईंचा फोन. परदेशातल्या श्राद्धावर खुसखुशीत काही? विषयाचं सोनं कराल, म्हणे. नाही म्हटलं. माझ्या नकाराला त्या खळखळून हसल्या.

नवी वही. १८ जुलै
बोंडं गच्च आलीत. निळं एकही नाही.
फ्राउ क्योलर आज बोलल्या. काही अळ्या मुंग्यांच्या वारुळात दोन-दोन वर्षं राहतात, म्हणाल्या. म्हणजे गेल्या वर्षी विळ्याआधीच ज्या खाली होत्या, त्या... "फिलाइष्ट." कदाचित. त्यांच्या तोंडून हा शब्द पहिल्यांदा ऐकला.

२३ जुलै
नाही. ईरा शाळेत जाण्यापूर्वी अर्धा तास उभी असते. वहीत शून्य लिहिते, तारखेसकट.

२६ जुलै
अप्पांचा फोन. तिकीट परवाचं. गवत केवढं झालंय, विचारलं. कमरेएवढं, म्हटलं. "राहू द्या, मी आलो की बघतो."
ईरा समोर. टोस्ट हातातच.
म्हटलं, "अप्पा, या वर्षी नका कापू."
"का हो?"
मग, "हॅलो? जावईबापू? आवाज येत नाहीये तुमचा."
लाइन स्वच्छ होती.