कंपनीची सगळी भिस्त माझ्यावर

४ जून, सकाळी
आज साहेबांनी केबिनमध्ये बोलावून सांगितलं की कोर्टात आपल्या बाजूचा मुख्य साक्षीदार मी. दुसरं कोण असणार म्हणा. साहेब म्हणाले, "त्या काळात ऑफिस तुमच्या ताब्यात होतं, त्यामुळे दुसरा इलाज नाही." नोकरीत इतकी कदर आजवर झाली नव्हती.

प्रकरण थोडक्यात लिहून ठेवतो, पुढे आत्मचरित्राला उपयोगी पडेल. दुकानात गिऱ्हाइकानं कार्ड घासलं की ते पैसे दुकानदाराच्या खात्यात पोचवायचा आमचा धंदा. जिच्यावर दावा लावलाय ती कंपनीही याच धंद्यातली, आमच्याहून मोठी, म्हणून आम्ही तिला थोरली कंपनी म्हणतो. दुकानांत मशीन त्यांची, पैसे पोचवायची यंत्रणा आमची. करार पाच वर्षांचा. मध्येच सोडायचं तर सहा महिने आधी लेखी नोटीस. दुसऱ्याच वर्षी ते नोटीस न देता दुसऱ्या कंपनीकडे गेले. सरळ सरळ करारभंग, शेंबड्या पोरालाही कळेल.

निश्चय: उद्यापासून चहा बंद. साक्षीदाराला ॲसिडिटी शोभत नाही.

५ जून
चहा चालू. चहाशिवाय डोकं चालत नाही.

हिशेब बघणाऱ्या बाई म्हणाल्या, केस हरलो तर खालचा मजला बंद करावा लागेल. तिथे दुकानदारांचे फोन घेणारी मंडळी बसतात. मी म्हटलं, निर्धास्त राहा, मी आहे ना. त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. भरून आलं असावं.

केस जिंकली की साहेब मला डायरेक्टर करणार. तसं म्हणाले नाहीत अजून, पण काल माझ्या खुर्चीकडे बराच वेळ बघत होते.

९ जून
वकीलबाईंची पहिली भेट. बाई हुशार आहेत, पण चेहरा सतत काळजीत. त्यांनी विचारलं, थोरली कंपनी गेली तेव्हा तुम्ही नक्की काय केलंत?

सांगितलं सगळं. साहेब पित्ताशयाच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात, सूत्रं माझ्या हाती. थोरल्या कंपनीचा मॅनेजर (याला आम्ही गोडबोल्या म्हणतो) स्वतः भेटायला आला. म्हणाला, एक तारखेपासून आम्ही दुसरीकडे जातोय, राग नाही ना? मी म्हटलं, राग कसला? आणि रीतसर निरोप समारंभ ठेवला. केक, पुष्पगुच्छ, माझं भाषण, फोटो. मी या ऑफिसातून कोणाला निरोपाशिवाय जाऊ दिलेलं नाही. भाड्याचं झेरॉक्स मशीन परत गेलं तेव्हाही चार शब्द बोललो होतो.

वकीलबाईंनी पेन खाली ठेवलं. विचारलं, केकवर काय लिहिलं होतं? म्हटलं, 'पुढील वाटचालीस हार्दिक शुभेच्छा', क्रीममध्ये. मग त्यांनी पाणी मागितलं. उकाडा फार आहे सध्या.

१० जून
साहेब दिवसभर केबिनचं दार लावून होते. केकचं त्यांना कालच कळलं म्हणे. समारंभाचे फोटो दाखवायला गेलो तर म्हणाले, नंतर. त्यांना बोलावलं नाही याचं वाईट वाटलं असणार. पण ते दवाखान्यात होते, माझा काय दोष?

१२ जून, संध्याकाळी
वकीलबाईंची शिकवणी. नोटीस लेखी आली नाही, आपण संमतीही लेखी दिली नाही, आणि नुसत्या गोडीगुलाबीनं करार मोडत नाही, असं त्या कोर्टात मांडणार. मला सूचना एकच. "विचारलं तेवढंच सांगा. हो किंवा नाही. त्यापुढे एक शब्द नको."

निश्चय: मितभाषी व्हायचं. थोर माणसं मितभाषीच असतात. हे ऑफिसात सगळ्यांना सविस्तर समजावून सांगितलं.

१६ जून
घरी सराव. ही प्रश्न विचारणार, मी हो-नाही म्हणणार. पहिलाच प्रश्न, तुमचं नाव काय? आता याला 'हो' कसं म्हणायचं? हिला कोर्टाची समज नाही. दुसरा प्रश्न, लेखी नोटीस आली होती का? मी 'नाही' म्हटलं आणि दोन वाक्यांत पार्श्वभूमी सांगायला घेतली. तेवढ्यात भाजी करपली.

ही म्हणाली, कोर्टात घसा बसल्याचं निमित्त करा, हात दाखवून अवलक्षण कशाला? हिला मी ओळखतो. नवऱ्याचं नाव होणार म्हटलं की हिला धास्ती वाटते.

१८ जून
एका जागी बसवत नाही. गॅलरीत फेऱ्या मारतो. खालच्या घरातले विचारायला आले, वर काही सरकवताय का? जेवताना पाय हलवतो म्हणून मुलगी ताट घेऊन दुसऱ्या खोलीत गेली. चहा कमी करायला हवा.

२३ जून
तारीख पुढे ढकलली. नवा ब्लेझर घालून गेलो होतो. नुसता बाकावर बसून परत. वाटेत मनातल्या मनात साक्ष दिली. फार परिणामकारक झाली.

२ जुलै, दुपारी, कोर्टाचं कँटीन
झाली साक्ष! आणि काय रंगली!

आधी वकीलबाई. लेखी नोटीस आली होती? नाही. तुम्ही लेखी संमती दिलीत? नाही. बस्स. बाईंच्या चेहऱ्यावर महिनाभरात पहिल्यांदा रंग आला.

मग समोरचा वकील. गृहस्थ मोठा सज्जन. समारंभाचा फोटो हातात घेऊन म्हणाला, इतकं नेटकं आयोजन आमच्या अशिलाच्या ऑफिसातही होत नाही. मी म्हटलं, हो. इथे थांबणार होतो, खरंच थांबणार होतो. पण त्यानं विचारलं, भाषण कोणाचं होतं? माझं. आठवतं का थोडंफार? थोडंफार? अख्खं पाठ आहे! वकीलबाई उठून हरकत घेऊ लागल्या. न्यायाधीश म्हणाले, सांगू द्या त्यांना.

मग काय, सगळं भाषण हातवाऱ्यांसकट म्हटलं. शेवट मुद्दाम सावकाश घेतला, कारण टायपिस्ट मागे पडत होती. "करार म्हणजे शेवटी कागद. तुम्ही आजपासून मोकळे. आमची काही तक्रार नाही."

समोरचा वकील म्हणाला, आणखी काही विचारायचं नाही. निरुत्तर झाला बिचारा.

बोलणाऱ्याची माती विकली जाते, न बोलणाऱ्याचं सोनंही नाही. उगाच नाही म्हणत. वकीलबाई मात्र मागच्या दारानं गेल्या वाटतं. चहा सांगितला होता, गार झाला.

३ जुलै
गोडबोल्याचा फोन. साक्ष उत्तम झाली म्हणाला, मनापासून आभार मानले. शत्रूलाही दाद द्यावीशी वाटली. साहेबांना लगेच सांगितलं. ते खुर्चीत मागे टेकले आणि डोळे मिटून बसले. निकालापर्यंत धीर धरा म्हटलं.

१७ जुलै
निकालाचा पत्ता नाही. झोप नाही. हिनं विचारलं, हरलो तर? मी म्हटलं, असं अभद्र बोलू नकोस. आणि तिसरा चहा मागितला. ती उठली नाही.

१९ ऑगस्ट
निकाल लागला. निकालपत्रात माझा खास उल्लेख आहे! 'वादीचा साक्षीदार प्रांजळ असून त्याचा शब्दन् शब्द विश्वासार्ह आहे.' घरी येऊन हिला मोठ्यानं वाचून दाखवलं. मुलीनंही ऐकलं. ही म्हणाली, पुढचं वाचा.

पुढचं वाक्य: 'सबब वादी कंपनीने करार संपवण्यास राजीखुशीने संमती दिल्याचे सिद्ध होते.' दावा फेटाळला.

मी ते दोनदा वाचलं. सबब हा शब्द काढून बघितला. तरी अर्थ तोच.

२२ ऑगस्ट
खालचा मजला आज बंद झाला. तिथल्या सगळ्यात जुन्या बाई, ज्यांना ऑफिसभर मावशी म्हणतात, पिशवी घेऊन जिन्यात भेटल्या. मी पिशवी धरायला हात पुढे केला. त्या म्हणाल्या, "असू द्या भाऊ. तुम्ही खोटं तर नाही ना बोललात." त्या चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. मला फार लाज वाटली.

वर केबिनमध्ये साहेब आणि वकीलबाई अपिलाचं बोलत होते. मी आत जाऊन सांगितलं, या वेळी नीट तयारी करतो, फक्त हो आणि नाही, शपथेवर. साहेब खिडकीकडे वळले.

वकीलबाईंनी फाईल मिटली आणि अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "अपिलात सहसा साक्षी होत नाहीत. आपल्याला थोडीफार आशा आहे ती त्यामुळेच."

मी 'बरं' म्हटलं आणि जागेवर येऊन बसलो.