टॅग खिशात नसताना

बिटररूट खोरं, मोंटाना
१४ जानेवारी

चिरंजीव ट्रेंटला आईचे आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक. बर्फ गुडघाभर आहे, एल्क हरणाचं मांस अजून अर्धं फ्रीझरमध्ये आहे, आणि तुझ्या पपांच्या कानातली घणघण तशीच. मी जेवायला हाक मारते, ते उठून कुत्र्याला बाहेर सोडतात.

तू त्यांना दिलेली ती नळी. रायफल धुताना तिच्या तोंडाला लावायची, म्हणजे घाण द्रावण आतल्या वाट्यांत साठतं, जमिनीवर सांडत नाही. तेवढ्यावर थांबला असतास तर! थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत गॅरेजात जाऊन वाट्यांना आरपार भोकं पाडलीस. "झाला सायलेन्सर! आता कान वाचतील तुमचे." पपांनी विचारलं, "सरकारची मंजुरी आली का रे?" तर म्हणे, "तुमच्या नावाने अर्ज केलाय ना, येईलच. तुम्ही पण ना, पपा!"

सोड्याची बाटली झटकन उघडली तर फाट्कन आवाज, हळूहळू उघडली तर नुसतं फुस्स. गोळीमागचा तापलेला वायूही तसाच कप्प्याकप्प्यांत अडतो, निवतो, आवाज बोथट होतो. हे तुम्हा बापलेकांना तोंडपाठ. पण भोक पडलं की कायद्याने ती वस्तूच बदलते, आणि मंजुरी त्याआधी हातात असावी लागते, हे नाही कळलं? बारा वर्षांचा असल्यापासून शिकार करतोस. एल्क मारून मग टॅग, तो शिकारीचा परवाना, मागायला गेलास कधी? डोकं फिरतं माझं.

तू फोनवर "पपा कसे आहेत?" विचारतोस आणि मी हवामान सांगते. आता पुरे झालं.

सरकारची माणसं येऊन गेली. नळी विकणाऱ्यावर छापा पडला; तू ती इथेच मागवली होतीस, तिथून आपला पत्ता निघाला. टेबलावर नळी ठेवून त्यांनी विचारलं, "ही भोकं कुणी पाडली?" मी तोंड उघडायच्या आत तुझे पपा म्हणाले, "मी." तो प्रश्न त्यांना पहिल्या झटक्यात ऐकू आला, ट्रेंट.

गुन्हा ठरला तर त्यांना जन्मात बंदूक धरता येणार नाही. रायफली आताच शेजारच्या डेलकडे गेल्यात. रिकाम्या कपाटासमोर ते कॉफी घेऊन बसतात. "पोराचं सगळं आयुष्य पुढे पडलंय, त्याला कळवू नकोस," म्हणाले. मी मान डोलावली, आणि हे लिहायला बसले.

गुरुवारी सकाळी ते न्यायाधीशांपुढे कबुली देणार आहेत. तू येऊन काय बोलावंस, ते माझ्याने लिहवत नाही. घाटातला रस्ता मोकळा आहे, एवढंच कळवते.

तुझी आई, आणि तुझ्याही आधीपासून त्यांची बायको,
नोरीन