दीड मीटर माती

३ मार्च
पोचले एकदाची! बस निघून गेली आणि रस्त्यावर मी, माझी ट्रंक आणि वारा एवढेच उरलो. साहेब स्वतः जीप घेऊन न्यायला आले होते. गोल चेहरा, पांढरी मिशी, साखरेत घोळलेलं बोलणं. या खात्यात माती तपासणारी बाई पहिल्यांदाच बघतोय म्हणाले आणि ट्रंक स्वतःच उचलली. खोली कार्यालयाला लागूनच आहे. लोखंडी खाट, टेबल, पत्र्याचं छप्पर, आणि खिडकीबाहेर नजर पोचेल तिथपर्यंत तांबडी, दगड पेरलेली सपाट जमीन. खड्डे खणायला एक काका आहेत, तीस वर्षं इथेच काढलेले. त्यांनी चहा केला, तोही असा गोड की चमचा उभा राहावा.

सासरच्या आडनावामुळे मला कुणीच ओळखलं नाही. आज झोप छान लागेल.

४ मार्च
एकशे चाळीस खुंट्या ठोकलेल्या आहेत, दर खुंटीला एक खड्डा आणि नोंदीचा एक कागद. त्यातले पहिले सहा खड्डे झाले. खड्डे कसले, खरवडणंच ते. वर दगडगोटे, खाली वीत-दीड वीत भुरभुरीत तांबडी माती, की लगेच टणकन वाळूचा दगड. मातीत भोक पाडायचं गिरमिट तिथे अडलं की अडलंच. पाणी ओतलं तर मातीत ठरत नाही, खडकावरून घसरून जातं. झुडपांची मुळंसुद्धा खाली न जाता आडवी पसरलेली. आम्लाचा थेंब टाकला की फसफसते, म्हणजे चुना भरपूर. गरीब जमीन आहे, पण जे आहे ते लपवत नाही. मला आवडली.

आता खरं लिहिते. माझ्याआधी या जागेवर माझा दादा होता. दोन वर्षांपूर्वी तो नाहीसा झाला. फिरायला गेला आणि वाट चुकला, असं साहेबांनी आम्हाला कळवलं. दादा आणि वाट चुकला! आईला बाजारात पाठवतानाही नकाशा काढून देणारा माणूस तो. त्याचं शेवटचं पत्र माझ्यापाशी आहे. धरणासाठी गावं उठवलेल्या लोकांना ही जमीन शेतीला द्यायची आहे, म्हणून साहेबांना प्रत्येक कागदावर ‘मातीची खोली दीड मीटर’ हवी आहे, आणि मी मेलो तरी सही करणार नाही, असं त्यात आहे. साहेबांनी त्याचं काय केलं ते मी शोधणार. मग त्यांना सोडणार नाही. आईला एवढंच सांगितलंय की नोकरी बरी आहे.

७ मार्च
इथल्या दगडांची एक गंमत आहे. मुरणाऱ्या पाण्यातला चुना दगडाच्या पोटाला धरतो, पांढरा थर होतो. वरची बाजू तांबडीच राहते. याला हजारो वर्षं लागतात. म्हणून एखादा दगड पांढरं पोट वर करून पडलेला दिसला, तर कुणीतरी तो उलटवलाय हे पक्कं समजावं.

बाविसाव्या खुंटीपाशी असे दगड सापडले, एक माणूस आडवा निजेल एवढ्या जागेत. मी गिरमिट लावलं. वीत गेलं, हात गेलं, दोन हात गेलं. बरोबर दीड मीटरवर थांबलं. तिथून एक पाऊल बाजूला लावलं तर वीतभरावर खडक.

काकांना विचारलं तर त्यांनी सगळं ओकून टाकलं. सहीवरून वाद झाला, साहेबांनी दादाच्या डोक्यात पहार घातली. वीतभराहून खोल इथे खणताच येत नाही, म्हणून दोघांनी त्याला वीतभर खड्ड्यात ठेवून वर दगड रचले. त्याच संध्याकाळी साहेबांनी बाविसाव्या कागदावर ‘दीड मीटर’ लिहून स्वतःच सही ठोकली. सकाळी ढीग सपाट. जमिनीने दादाला आत घेतलं होतं. पुढे साहेब एकदा तिथे उभे राहिले तर बूट घोट्यापर्यंत गेले. काका शेजारीच होते, त्यांना काही झालं नाही. तेव्हापासून साहेब बाविसाव्या खुंटीकडे फिरकत नाहीत.

काकांनी माझे पाय धरले, मी सोडवून घेतले. तोंड शिवून बसल्याचा राग त्यांच्यावरही आहे. पण आधी साहेब.

८ मार्च
बाविसावी खुंटी उपटून साठ पावलं लांब ठोकली. पांढरे दगड एकेक करून पालथे घातले. आता तिथे काही आहे असं कुणीही म्हणणार नाही. इथली सगळी जमीन सारखीच, खुंटीवाचून साहेबांनाही काही कळायचं नाही. काम करताना गुणगुणत होते मी. दादाशी बोललेसुद्धा.

९ मार्च
साहेबांनी एकशे चाळीस कागद पुढे केले. एकाच खड्ड्याची नोंद सगळ्यांवर उतरवलेली, सगळीकडे दीड मीटर. मी हसत हसत सह्या केल्या. दादाने जी एक केली नाही, ती मी एकशे चाळीस वेळा केली. उठवलेल्या लोकांच्या तोंडाला पानं पुसली, हे मला कळतं. पण साहेबांना शंका येऊन चालणार नव्हतं. ते खूश झाले, गठ्ठा लगेच टपालाने पाठवला. उद्या जमिनीवर त्यांचा एक फोटो काढू म्हटलं. हो म्हणाले.

१० मार्च
दुपारी बारा. मी जीपच्या पायरीवर कॅमेरा घेऊन उभी, साहेब मी सांगितलं तिथे, खुंटी उपटलेल्या जुन्या जागेवर. केस सारखे केले, पोट आत घेतलं.

आधी बूट गेले. मग गुडघे, जिथे खडक असायला हवा तिथे. हात द्या म्हणाले. मी कोण ते सांगितलं. तो चेहरा मी जन्मभर विसरणार नाही, विसरायचाही नाही. कंबर, छाती, हनुवटी. साहेब दीड मीटरपेक्षा थोडे उंच होते. टाळू वर राहिली. मग आजूबाजूचे दगड आपोआप सरकत आले आणि तिच्यावर बसले, पांढरं पोट वर करून.

मला आनंद झाला. लिहून ठेवते, आनंद झाला.

परतल्यावर बघितलं, माझ्या बुटांना नाडीपर्यंत माती लागली होती.

११ मार्च
काका सकाळी जीप घेऊन निघाले. चला माझ्याबरोबर, म्हणाले. मी त्यांना नाही नाही ते बोलले, तुमची पाळी पुढची म्हटलं. जाताना एवढंच म्हणाले, की साहेबांची सही एका कागदावर होती ताई, तुमची एकशे चाळीसांवर आहे, माझी कशावरच नाही.

दारापासून रस्त्यापर्यंत सगळे दगड पांढरे झालेत.

१२ मार्च
रस्ता गाठायचा प्रयत्न केला. दहा पावलांत गुडघ्यापर्यंत आत गेले. आडवी पडून, सरपटत परत आले. पोटाखाली माती हलत होती— वर नाही, खाली—

कागद परत मागवता आले असते तर— फोन लागत नाही.

१३ मार्च
नकाशा काढून बघितला. कागद क्रमांक एक: कार्यालयाचं आवार. ही खोली.

खाटेचे पाय फरशीत गेलेत. टेबलावर बसून लिहितेय.

मला वाटत होतं हे सगळं दादा माझ्यासाठी करतोय. त्याचा राग साहेबांवर नव्हताच. खोट्या सहीवर होता—

टेबल चाललं. दादा, तुझ्यासाठीच केलं रे मी सगळं, दुसरं कुणासाठी—

फरशीतून हात आलाय. त्याचाच. लहानपणी रस्ता ओलांडताना धरायचा तसा मनगटाला धरलाय, पण तो ओढतोय खा—