टाचणी मरणार नाही

सोमवार, ३ जून. सकाळ.
आजपासून रोजनिशी. मोठ्या लेखकांच्या रोजनिशा नंतर छापतात, पण ही फक्त माझ्यासाठी आहे. तरी अक्षर नीट काढायचं.
निर्मात्याचा फोन. रेडिओवरची माझी 'टाचणी' ही मालिका महिनाअखेर बंद. म्हणाला, शेवटच्या भागात टाचणीला मारून टाका. झुरळाबद्दल बोलावं तसं बोलला!
टाचणी म्हणजे दिवसा साधा शिंपी. कोर्टातून सुटलेल्या गुन्हेगाराच्या कॉलरला गुपचूप एक टाचणी लावतो, आणि आठवड्याभरात त्या माणसाचा निकाल लावतो. सगळा देश ऐकतो. (सौ. म्हणते दुपारी कोण रेडिओ ऐकतं. ती दुपारी दाताच्या डॉक्टरांकडे रिसेप्शनवर असते, तिला काय कल्पना.)
निश्चय: टाचणी मरणार नाही. वेळ आली तर राजीनामा देईन.

संध्याकाळी.
राजीनामा लिहिला. प्रिंटरची शाई संपलेली. हा संकेत समजून राजीनामा रद्द. आत राहून लढायचं.

मंगळवार, ४ जून
लोकमत आजमावायला सुरुवात. इस्त्रीवाल्याला विचारलं, टाचणीबद्दल तुमचं काय मत? म्हणाला, साहेब, काढूनच देत जा हो, मागच्या वेळी बोटात घुसली.
जनतेला विषय बोचतोय, एवढं नक्की.

गुरुवार, ६ जून
सौ.ला विश्वासात घेतलं. ती म्हणाली, मरू दे की, खुनीच आहे तो. मी म्हटलं, तो न्याय करतो. ती म्हणाली, आणि तो केमिस्ट?
गेल्या वर्षी टाचणीने माणूस ओळखण्यात चूक करून एका निरपराध केमिस्टला संपवलं. त्या भागाची खूप चर्चा झाली होती. नायकाला काळी बाजू हवी, हे सौ.ला समजावलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, त्या केमिस्टच्या बायकोचं पुढे काय झालं?
मी म्हटलं, अंत्यसंस्कारानंतर तिला संवाद नव्हते.
"म्हणजे नवरा चुकून गेला, आणि ती मालिकेतूनच गेली," असं म्हणून ती उठली आणि भांडी आवाज करत आवरू लागली.
सौ. भावनेच्या आहारी जाते. कलेत असं चालत नाही.

शनिवार, ८ जून
खरं कारण फक्त इथे लिहितो.
ताईचे यजमान रस्ता ओलांडताना टेम्पोखाली गेले. साक्षीदार फिरला, ड्रायव्हर सुटला. निकालाच्या दिवशी मी कोर्टाच्या आवारात खिशात मुठी आवळून उभा होतो. बाहेर काढल्या असत्या तर अनर्थ झाला असता. त्या दिवशी घरी येऊन 'टाचणी'चा पहिला भाग एका बैठकीत लिहिला. त्यात टेम्पोवाला मरतो. तो भाग लागला तेव्हा मी मुद्दाम ताईकडे होतो. ती ढसाढसा रडली. त्याच क्षणी ठरलं, मी हे तिच्यासाठी लिहीत राहणार.
तेव्हा टाचणी ताईचा आहे. तो मेला तर तिला कोण आहे? (मी आहेच. पण माझा पिंड वेगळा.)
बेत: ताईने स्वतः निर्मात्याला फोन करायचा. त्याला पाझर फुटलाच पाहिजे.

रविवार, ९ जून
ताईच्या चष्म्याच्या दुकानात गेलो. ती एका काडीचा स्क्रू बसवत होती. सगळं सविस्तर सांगितलं, फोन नंबरही लिहून नेला होता. तिने मान वर न करता म्हटलं, "मारून टाक त्याला."
मला वाटलं तिने नीट ऐकलं नाही. परत सांगितलं.
"ऐकलं रे. तू दर आठवड्याला त्याच ड्रायव्हरला नाव बदलून मारतोस. पण त्याला मारायचं म्हणजे आधी कुणीतरी जावं लागतं. म्हणजे दर आठवड्याला तू आधी ह्यांना मारतोस. माझ्याच्याने ऐकवेना. कधीच बंद केलं मी."
मग चष्मा पुसला आणि म्हणाली, चहा घेणार का?
घेतला. साखर नव्हती, मी मागितलीही नाही.
ताईवर कुणाचं तरी दडपण असावं. निर्माता तिच्यापर्यंत पोचला की काय?

बुधवार, १२ जून
मृत्यूचा प्रसंग लिहून पाहिला. सराव म्हणून, शरणागती नव्हे. विष दिलं, टाचणीने पेला बाजूला ठेवला. गोळी झाडली, माझ्याच बोटांनी 'हुकली' टाइप केलं. शेवटी पुलावरून ढकलला. सौ. मागे उभी राहून वाचत होती. म्हणाली, खाली नदी कशाला ठेवलीस? पोहत येणार का?
नदी पुसली. पंधरा मिनिटांनी परत लिहिली.
जेवण गेलं नाही. उकाडा आहे.

शुक्रवार, १४ जून
निर्माता म्हणतो, मंगळवारपर्यंत द्या, नाहीतर दुसऱ्याकडून लिहून घेतो. दुसऱ्याकडून! परका माणूस येऊन त्याला मारणार, म्हणजे तो नीट मरणारही नाही.
छातीत भरून आलं. ॲसिडिटी. सौ.ने पाठीवर हात फिरवला तेव्हा हुंदक्यासारखा आवाज आला तो ढेकर होता.

शनिवार, १५ जून
अखेरचा उपाय. त्या ड्रायव्हरला गाठायचं. खिशात खरी टाचणी न्यायची. त्याच्यासमोर धरायची आणि म्हणायचं, "निकाल लागायचाय अजून." त्याच्या डोळ्यांत भीती दिसली की सिद्ध झालं, टाचणीची जगाला गरज आहे.
वाक्य आरशासमोर म्हणून पाहिलं. तिसऱ्या वेळी मीच दचकलो.

रविवार, १६ जून. दुपारी.
जाऊन आलो.
आता तो गाडी चालवत नाही, एका गॅरेजमागे पंक्चर काढतो. पाण्याच्या टबात ट्यूब दाबून बसला होता. मी समोर उभा राहिलो. वाक्य विसरलो.
त्यानेच वर पाहून म्हटलं, "तुम्ही ताईंचे भाऊ. कोर्टात खिशात हात घालून उभे होता." आणि स्टूल पुढे केलं.
बसताना खिशातली टाचणी मांडीत घुसली. मी ओरडलो. त्याने आतून कापूस आणून दिला. टाचणी पाहिली आणि म्हणाला, "हां. म्हणजे ते लिहिणारे तुम्हीच."
मालिका त्याने ऐकली आहे. सगळे भाग, हातात काम असताना. म्हणाला, "पहिल्या भागातला तो मीच ना? त्यात तुम्ही त्याला दारू पाजलीत. मी प्यायलो नव्हतो साहेब. मला झोप लागली होती. मालक सलग फेऱ्या मारायला लावायचा. पण त्याला मारलंत ते बरं केलंत. कोर्टानं सोडलं, घरी आलो, तर घरचे पेढे वाटल्यासारखे हसत होते. मला मात्र काही संपलंय असं वाटेना. तुमच्याकडे तरी निकाल लागला."
मी व्यावसायिक प्रश्न विचारला. म्हटलं, आता टाचणीला मारायचं म्हणतात, आणि त्याच्या हातून तो केमिस्टही गेलाय. तुम्हाला काय वाटतं, मरावा का?
ट्यूबमधून बुडबुडे आले. त्याने त्या जागी खडूने खूण केली आणि ट्यूब पुसून कोरडी केली.
"मारू नका," म्हणाला. "मेला की सुटला. त्याला रोज सकाळी उठू दे. केमिस्टचं दुकान रस्त्यात लागू दे."
थोडक्यात, खुद्द गुन्हेगाराने टाचणीच्या बाजूने मत दिलं. मोठाच विजय म्हणायचा.

संध्याकाळी.
विजय असूनही घास उतरत नाही. सौ. शेजारी बसून राहिली.

मंगळवार, १८ जून
लिहिलं! टाचणी दुकान बंद करतो आणि केमिस्टच्या बायकोच्या दारात जाऊन उभा राहतो. ती दार उघडते. तो म्हणतो, "मी." मग ती बोलते, दोन पानं सलग, आणि तो ऐकतो. पोलिसांना फोन करायचा की नाही, तिने ठरवायचं. मरतो का जगतो, ते तिच्या हातात.
आयुष्यात एवढं चांगलं लिहिलं नव्हतं. पाठवताना डोळे भरून आले. सौ. कांदा चिरत होती. (दुसऱ्या खोलीत.)

गुरुवार, २० जून
निर्मात्याचा फोन. टाचणीचा आवाज देणारा नट कुठल्याशा जाहिरातीसाठी निघून गेलाय. शेवटचा भाग होणारच नाही. त्या वेळेत कुंडीतल्या झाडांवर कार्यक्रम.
मी विचारलं, मग तो मेला की जगला?
म्हणाला, कुणी विचारलं तर बघू.
मी म्हटलं, मी विचारतोय. तोवर त्याने फोन ठेवला होता.

शुक्रवार, २८ जून
निवेदिका म्हणाली, 'टाचणी' ही मालिका आता प्रसारित होणार नाही. लगेच झाडं सुरू. श्रोत्यांचा उद्रेक होईल म्हणून दुपारभर फोनपाशी बसलो. एक आला. मनी प्लांटला पाणी किती घालायचं, विचारत होता. नंबर त्याला रेडिओवाल्यांनीच दिला म्हणे.
सांगितलं, माती सुकली की घाला.

रविवार, ३० जून
ताईला सांगायला गेलो. ती म्हणाली, बरं झालं. मग जरा थांबून, "एवढं लिहिलंस, पण जाणारा माणूस कधी बोलला का रे तुझ्याकडे? करकचून ब्रेक वाजतो की संपला."
मी म्हटलं, रेडिओचं तंत्र असतं ते. मग म्हटलं, तू सांग त्यांच्याबद्दल.
सांगत बसली. ते दाढी करताना शिट्टी वाजवायचे, अत्यंत बेसूर. अर्ध्या तोंडाला फेस तसाच ठेवून गॅलरीत यायचे आणि वरच्या मजल्यावरच्यांशी पाण्यावरून भांडायचे. सांगताना ताई हसली. मला यातलं काहीच माहीत नव्हतं. इतकी वर्षं मी त्यांच्या मरणाचा सूड घेत होतो.
घरी येऊन नवी मालिका लिहायला घेतली. पहिला भाग पूर्ण. एक माणूस दाढी करतो, शिट्टी वाजवतो, मग कामाला जातो. कुणी मरत नाही. सौ. दोनदा वाचून गप्प राहिली, म्हणजे आवडलं.
निर्मात्याला पाठवलं. त्याचं उत्तर लगेच आलं. दाढीचा आवाज रेडिओवर येत नाही.