आणलेलं पोर

आत्याबाई, तुमच्या घरात एक पोरगी आली आहे. दहा वर्षांची आहे, सावळी, बारीक, डाव्या हातानं लिहिते. तुमच्या खोलीत झोपते. तुमचा पलंग तिला उंच पडत होता म्हणून ह्यांनी त्याचे पाय कापून घेतले, हे ऐकून तुम्ही असाल तिथं उठून बसला असाल. बसा. सून म्हणून तुमच्यासमोर मी कधी मान वर केली नाही. आता तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली, मलाही बावन्नावं लागलं, गुडघे कुरकुरतात, तेव्हा आज मी बोलणार आणि तुम्ही ऐकायचं.

लग्नाला आठ वर्षं झाली तरी पाळणा हलला नाही, तेव्हा मी पहिल्यांदा तुमच्यापाशी विषय काढला होता. गारखेड्याचं हे घर तेव्हा नवं होतं, भिंतींना रंगाचा वास येत होता. तुम्ही ओट्याशी उभ्या राहून शेंगदाणे भाजत होता. मी दारातूनच म्हटलं, की संस्थेतून एखादं मूल आणावं असं आमच्या मनात आहे. तुमचा हात थांबला नाही, तुम्ही माझ्याकडं पाहिलंही नाही. "आणलेलं पोर ताटाकडं बघत नसतंय," तुम्ही म्हणालात, "वाढणाऱ्याच्या हाताकडं बघतंय. तुला झेपायचं नाय. पुन्हा हा विषय काढू नको." झालं, संपलं. हे तुमच्यापुढं कधी बोलले नव्हते, त्या दिवशीही पेपरात तोंड घालून बसले. मी मोरीत जाऊन नळ सोडून रडले. आणि त्यानंतर मूल का नाही घेतलं असं ज्यानं ज्यानं विचारलं, त्याला त्याला मी एकच उत्तर दिलं, सासूबाई नको म्हणाल्या. हळदीकुंकवात सांगितलं, माहेरी सांगितलं, माझ्याकडं ब्लाउज शिवून घ्यायला येणाऱ्या बायांना सांगितलं. तुमची भरपूर बदनामी केली मी, आत्याबाई, माप घेता घेता.

मग तुमचं ते शेवटचं दुखणं. दवाखान्यात पंधरा दिवस तुम्ही आणि मी, दुसरं कोणी नाही. एका दुपारी तुम्ही आपणहून बोलायला लागलात. रझाकारांच्या दिवसांत तुमचे आई-बाप दोघंही गेले, पोलीस ॲक्शन झाल्यावर कोणीतरी तुम्हाला बैलगाडीत बसवून पिशोरला मामाच्या दारात उतरवलं, तेव्हा तुम्ही आठ वर्षांच्या होता. मामा वाईट नव्हता, मामीही वाईट नव्हती, असं तुम्ही दोनदा म्हणालात. फक्त दूध उतू गेलं, घागर फुटली, वासरू सुटलं, की मामी म्हणायची, पोचवून येऊ का गं तुला? आणि पोचवायला तर कुठं जागाच उरली नव्हती. हे सांगून तुम्ही कूस वळवलीत आणि मला मोसंबी सोलायला लावलीत. मी सोलली. मला वाटलं, म्हातारं माणूस, जुनं काहीबाही आठवतंय. शेंगदाण्याच्या दिवशी तुम्ही जे बोललात ते आणि हे एकच आहे, एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात शिरली नाही. रागात होते ना मी. राग असला की माणूस ठार बहिरं होतं.

तुम्ही गेलात. घर रिकामं झालं, मशीनचा आवाज तेवढा राहिला. हे कंपनीतून निवृत्त व्हायला आले तेव्हा एक दिवस जेवताना स्वतःच म्हणाले, की आता तान्हं बाळ तर आपल्याला कोणी देणार नाही, पण मोठ्या मुलांना कोणी न्यायला येत नाही म्हणतात, विचारून बघू या का. जन्मभर न बोललेला माणूस एकदम एवढं बोलला, मी भाकरी हातात धरून बघत राहिले. संस्थेत दोघांच्या वयांची बेरीज करून पाहतात, आत्याबाई, जास्त भरली तर मूल देत नाहीत, आम्ही अगदी काठावर बसलो. तिथल्या ताईंनी आम्हाला सगळं नीट सांगितलं होतं. पोरगी तीन घरं फिरून आली आहे. कुणीतरी चुलीतलं लाकूड तिच्या दंडाला लावलं होतं. कुणी, ते ती सांगत नाही, तुम्हीही विचारू नका. विस्तवापासून जपा. मी मान हलवली. आल्यावर गॅसची शेगडी मागं सरकवून घेतली, काडेपेटी वरच्या फळीवर ठेवली. मोठी हुशारी केली असं मला वाटलं.

आणि ती आली त्या दिवशी मी काय केलं? चार बायका बोलावल्या, उंबऱ्यावर पाणी घातलं, ताट सजवलं, कुंकू, अक्षता, सुपारी, निरांजन. घरात लेक येतेय, औक्षण नको? पोरगी दारात उभी. मी हसत हसत ते पेटतं निरांजन तिच्या तोंडापाशी नेलं. निरांजन म्हणजे विस्तव, असं माझ्या मनात कधी आलंच नव्हतं. ती ओरडली नाही, आत्याबाई. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं नुसते डोळे मिटले आणि हात पुढं केला. बाही वर करून, तोच दंड. माझ्या हातातून ताट खाली पडलं. बायका म्हणाल्या अपशकुन झाला. मी त्यांना चहाही न देता घालवून दिलं, आणि त्या रात्री ह्यांच्याशी एक शब्द बोलले नाही, जसं काही चूक ह्यांचीच होती.

मग जेवणं. मी वाढायची, ती खाली मान घालून बसायची, पण डोळे माझ्या हातातल्या डावाकडं. किती घेतलं, कुणाला आधी, तिच्या वाटीत पडताना हात आखडला का. चौथ्या दिवशी मला तुमचा आवाज ऐकू आला, अगदी शेंगदाण्याच्या वासासकट. वाढणाऱ्याच्या हाताकडं. खाली बसले मी तिथंच, डाव हातात घेऊन. तुम्ही मला मोडता घालत नव्हता, तुम्हाला माहीत होतं ते सांगत होता, तेही तुमच्या त्या वाकड्या पद्धतीनं. दुसऱ्या दिवसापासून मी वाढणं बंद केलं. भाजी, वरण, भाकरीची टोपली, सगळं मधोमध, ज्यानं त्यानं आपापलं घ्यायचं. ह्यांना हे लई जड गेलं, सत्तावन्न वर्षांत ह्या माणसानं हातानं भाकरी घेतली नव्हती. पहिल्या दिवशी पोरीनं अर्धी घेतली. महिनाभरात दोन घ्यायला लागली, वर ठेचा.

अंगाला हात लावू द्यायची नाही. मी एवढी शिवणारी बाई, टेप गळ्यात, आणि घरातल्या पोरीचं माप घेता येईना. मग नजरेनं माप घेतलं. पहिला फ्रॉक खांद्यात ढगळ झाला, दुसरा बरा, तिसरा असा बसला की खालच्या मजल्यावरच्या आपा, साडीला फॉल लावतात त्या, म्हणाल्या, "क्या नजर है तुमारी, टेप फेक दो अब." पोरगी तेव्हा पहिल्यांदा हसली. तुमच्यासारखी नाही, मोकळी हसते.

आता त्या दिवसाचं सांगते. तिसरा महिना होता. एका नवरीचा शालूवरचा ब्लाउज मी कापून टाचून ठेवला होता, लग्न चार दिवसांवर. मी भाजी घेऊन आले तर पोरगी मशीनपाशी उभी, हातात कात्री, आणि ब्लाउजची पाठ मधोमध चिरलेली. चुकून नव्हे. माझ्याकडं बघत उभी होती, पुढं काय होतंय ते बघायला. माझ्या जिभेला तेव्हा हाड राहिलं नाही. नको नको ते बोलले, आणि शेवटी म्हणाले, उद्याच्या उद्या तुला परत नेऊन घालते. ती म्हणाली, "बरं." एवढंच. आत गेली, मी शिवलेला फ्रॉक काढून घडी घालून पलंगावर ठेवला, येताना अंगावर होता तो आखूड झालेला फ्रॉक घातला, आपली पिशवी घेतली आणि जिन्यात जाऊन पायरीवर बसली. रडत नव्हती. बसची वाट बघत बसतात तशी बसली होती.

पोचवून येऊ का गं तुला, असं म्हणणारी मामी मीच होते. मी जाऊन तिच्या शेजारच्या पायरीवर बसले, गुडघे धरून, हातभर अंतर सोडून. आणि तुमचीच गोष्ट सांगितली. बैलगाडी, पिशोर, दूध, घागर, मामी. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग पोचवलं का त्यांना?"

"नाही," मी म्हणाले. "लग्न होईपर्यंत तिथंच होत्या. पण म्हाताऱ्या होऊन मरायला टेकल्या तरी त्यांना ते ऐकू येत होतं. मी आज चुकले. मी चिडकी आहे, पुढंही ओरडेन, कात्री कपाटात कुलपात ठेवीन. पण हे पुन्हा बोलणार नाही. तू काहीही काप."

मग तिनं त्या नवरीचं काय, असं विचारलं. आम्ही दोघी उठलो आणि आपांकडं गेलो. आपांनी चिरलेल्या जागी जरीची पट्टी अशी बसवली की नवरीच्या आईला ती फॅशन वाटली. नंतर आणखी दोन गिऱ्हाइकांनी तशीच पाठ शिवून मागितली. त्या संध्याकाळी पोरीनं पिशवी रिकामी केली की नाही, ते मी पाहिलं नाही. मुद्दामच पाहिलं नाही.

परवा दत्तकाच्या कागदांसाठी कलेक्टर कचेरीत बोलावलं होतं. पोर मोठं असलं की त्याला विचारतात, राहायचंय का म्हणून, आणि ते नाही म्हणालं तर आपण काही करू शकत नाही. आदल्या दिवशी मला घास गेला नाही. साहेबीण बाई चांगल्या होत्या, तिला शेजारी बसवून विचारलं, कसे आहेत गं हे दोघं? पोरगी म्हणाली, "हे बोलत नाहीत. ह्या लई बोलतात. चिडतात पण." साहेबीण हसू दाबत होत्या. राहशील का मग? तिनं माझ्याकडं पाहिलं, हाताकडं नाही, तोंडाकडं. "राहते की," म्हणाली. हे खुर्चीतून उठले आणि काय करावं न कळून सगळ्यांना नमस्कार करत सुटले, शिपायालासुद्धा.

बाहेर रसवंतीवर बसलो. हे गाडी काढायला गेले तेव्हा तिनं ग्लास खाली ठेवून मला विचारलं, "तुम्ही मला आधी का नाही आणलं?" तक्रार नव्हती, नुसतं विचारत होती. तुम्ही गेल्यावर दोन वर्षांनी ती जन्मली, आणि त्यानंतर जे व्हायचं ते सगळं तिला होत राहिलं. माझ्या जिभेवर उत्तर तयार होतं, आत्याबाई, चोवीस वर्षं घासूनपुसून ठेवलेलं. आजी नको म्हणाल्या. पण तुम्ही जाऊनही बारा वर्षं झाली होती. त्या बारा वर्षांत माझा हात कोणी धरला होता?

"मला भीती वाटत होती," मी म्हणाले.

तिनं उरलेला रस संपवला. "मला पण," म्हणाली.

म्हणून हे लिहायला बसले. मोरीत नळ सोडून मी रडले, ते खरं आहे. पण डोळे पुसून बाहेर आले तेव्हा मला सुटल्यासारखं वाटत होतं, हे मी कोणाला सांगितलं नाही. झेपणार नाही, असं मलाही वाटत होतंच, तुम्ही फक्त ते आधी बोललात. नको तुम्ही एकट्या म्हणाला नव्हतात. हे पत्र तुम्हाला पोचायचं नाही, म्हणून लिहिता तरी आलं. तुम्ही समोर असता, तर आजही मी सगळं तुमच्यावरच ढकललं असतं.